नव्व्याण्णवची पीडीएफ, साडेचारशेचं पुस्तक

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉस्टिंग बघतो. सुताचा भाव, लूमचे तास, रंगाईचा खर्च, वाया गेलेला माल, दिवसभर हेच. पुस्तक छापणं हा माझा प्रांत नाही. २०२३ च्या जूनमध्ये मावसबहिणीचा फोन आला, "दादा, एका वस्तूची किंमत काढून दे, तुझ्या तर हातचा मळ आहे," आणि मी या प्रकरणात शिरलो. पुढे जे चुकलं त्यातलं निम्मं तरी माझ्या वहीतून निघालं, म्हणून हे लिहायचं कामही माझ्यावर आलं. नावं काढून टाकली आहेत आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

ती वस्तू म्हणजे एक मॉड्यूल. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात (आमच्याकडे चादर अंथरून), प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि एक जण गोष्ट चालवतो. त्याला डंजन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. कुलूप उघडलं का, वार बसला का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. डीएमला दर आठवड्याला नवी गोष्ट सुचेलच असं नाही, म्हणून तयार गोष्टी विकत मिळतात: नकाशे, खोल्यांची वर्णनं, सापळे, राक्षस, गावातली माणसं. हे मॉड्यूल फक्त डीएम विकत घेतो. खेळणाऱ्यांनी ते आधी वाचलं तर मजाच जाते. एवढी साधी गोष्ट मला नीट कळायला दोन महिने लागले आणि तोवर किंमत लावून झाली होती.

काम तिघांचं. लेखक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. बहिणीने चित्रं आणि नकाशे काढले. तिसरा मित्र जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. लॉकडाऊनपासून दर शनिवारी त्यांचं सेशन चालायचं. मराठीत सुरू व्हायचं आणि भांडण पेटलं की कन्नड-तेलुगूत जायचं. गोष्ट उजनीवरून सुचलेली. धरणाचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. यांच्या गोष्टीत दुष्काळात तळं आटतं आणि खालून एक अख्खी गढी वर येते. बुरूज, विहीर, धान्याची पेवं आणि पेवांत जे काय असेल ते.

मराठीत नियमांसकट छापता येईल का, ही मोठी धास्ती होती. ती २७ जानेवारी २०२३ ला मिटली होती. परवान्यावरून मोठा गदारोळ झाल्यावर खेळाच्या मालक कंपनीने मूळ नियमसंच, आवृत्ती ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेयाची ओळ छापा, मग भाषांतर करा, विका, कोणी अडवणार नाही. ही श्रेयाची ओळ लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तिघांनी मिळून १,१०,००० रुपये घातले होते. त्यातले बरेचसे बहिणीच्या कामाचे (तिने सहा महिने दुसरी कामं घेतली नव्हती), बाकीचे संपादन, मुद्रितशोधन आणि खेळून बघण्याच्या सेशनांवर गेले. छपाईचा खर्च यात धरलेला नाही.

अडचण

जूनमध्ये त्यांनी छापील पुस्तकाची आगाऊ नोंदणी उघडली: ९६ पानं, ४५० रुपये, "दिवाळीआधी घरपोच". ६३ प्रतींचे पैसे आले. मराठीतल्या अशा पहिल्याच वस्तूला हे बरंच होतं. माणसं सोलापूरची थोडी, पुण्याची जास्त, शिवाय बार्शी, लातूर, कोल्हापूर.

ऑगस्टमध्ये फायली घेऊन प्रेसवर गेलो. प्रेसवाले काका जुने, सरळ बोलणारे. सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा फर्मे. पाच एकरंगी, नकाशांचा एक चार रंगांत. त्यांनी मान हलवली. "आत्ता दिवाळी अंक. ते उतरले की कॅलेंडरं. मग लग्नपत्रिका. तुमची प्लेट डिसेंबरच्या आत लागत नाही. खोटं सांगून काय करू?" प्लेट लागली म्हणजे छपाई सुरू झाली. दाते पंचांग जिथून महाराष्ट्रभर जातं त्या गावात आमच्या पुस्तकाला मुहूर्त मिळेना. दुसऱ्या दोन प्रेसवरही हेच उत्तर मिळालं. या गावात तेव्हा कागदाचा हंगाम असतो, हे आम्ही जूनमध्ये विचारायला हवं होतं. नोंदणीत तारीख छापली ती प्रेसला न विचारता.

म्हणजे ऑगस्टअखेर हातात तयार पीडीएफ होती, पुस्तक चार-पाच महिने लांब होतं आणि ६३ प्रतींचे पैसे खात्यात होते. पीडीएफ आता सोडायची का? सोडली तर कितीला?

समोरचे पर्याय

लेखकाचं म्हणणं होतं, थांबा. पुस्तक आणि पीडीएफ एकाच दिवशी काढू. पीडीएफ एकदा बाहेर गेली की ती व्हॉट्सॲपवर फिरणार. मराठी पुस्तकांच्या कुठल्याही गटात पहिला प्रश्न "पीडीएफ मिळेल का?" हाच असतो, आणि त्या प्रश्नात किंमत गृहीत नसते. त्याच्या बाजूने एक मोठा दाखलाही होता. याच खेळाच्या मालक कंपनीने एप्रिल २००९ मध्ये चोरीच्या भीतीने आपल्या सगळ्या पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या होत्या. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ परत विकायला आल्या त्या २०१३ मध्ये. मित्राने हाच दाखला उलटा फिरवला: "चार वर्षं विकत मिळत नव्हत्या, म्हणून लोकांनी काय वाचणं सोडलं का? चोरूनच वाचलं."

बहिणीचं म्हणणं, शंभर प्रती डिजिटल छपाईने आत्ताच काढू आणि आगाऊ पैसे दिलेल्यांना देऊन टाकू. भाव काढला. एकेक प्रत २३० रुपयांच्या घरात जात होती आणि नकाशांचे रंग मळकट येत होते. तिला तेच सहन होईना, म्हणून तिनेच हा पर्याय मागे घेतला.

परदेशी बाजारपेठेवर टाकायचा विचारही झाला. या खेळाच्या पीडीएफ विकणारी सगळ्यात मोठी साइट तेव्हा विक्रेत्याला ६५ टक्के द्यायची, फक्त तिथेच विकलं तर ७०. पण आमचं गिऱ्हाईक मराठी वाचणारं. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलेलं, त्यामुळे तो मार्गही नव्हता. यूपीआय घेणारं साधं पेमेंट पान, त्याचे साधारण दोन टक्के, एवढं पुरे, असं ठरलं.

आणि माझा पर्याय. तो मी वहीत आखून दाखवला. पीडीएफची दुसरी प्रत काढायला सूत लागत नाही, लूम लागत नाही. चल खर्च शून्य. म्हणजे किंमत जेवढी खाली तेवढा खप वर. ९९ रुपये लावा, गणपतीत सोडा, नाव होऊ द्या; पुस्तक आलं की लोक पुस्तकही घेतील. आगाऊ नोंदणीवाल्यांना पीडीएफ फुकट द्यावी का, असं बहिणीने विचारलं. मी म्हणालो, त्यांनी पुस्तकाचे पैसे दिलेत, पीडीएफचे नाही. ६३ गुणिले ९९ का सोडायचे?

हे वाक्य मी खरंच बोललो. ६,२३७ रुपयांचा तो हिशेब वहीत अजून आहे.

एक मुद्दा तेव्हा निघाला आणि बाजूला पडला, पण पुढे मोठं काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर २७ जुलै २०१८ पासून ५ टक्के आहे, पण ते छापील पुस्तकाचंच इलेक्ट्रॉनिक रूप असेल तर. नसेल तर १८. आमची उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नव्हती, म्हणून आम्हाला नोंदणीच लागली नाही. पण ज्याला लागते त्याने पुस्तकाआधी पीडीएफ काढताना आपल्या सीएला एकदा विचारावं. उलट प्रेसच्या बिलावर जो कर लागतो तो पुस्तक करमुक्त असल्यामुळे परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोही दोनदा घ्यावा लागतो, पुस्तकाला वेगळा, पीडीएफला वेगळा. पैसे लागत नाहीत.

काय केलं

गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबर २०२३ ला, पीडीएफ ९९ रुपयांना सोडली. पहिल्या दोन आठवड्यांत ११८ गेल्या. मित्राच्या घरी पार्क चौकातून आणलेली भजी आणि कडक चहा झाला, माझं कौतुकही झालं.

चौथ्याच दिवशी बार्शीच्या एका गुरुजींचा मेसेज आला होता. ते शाळेतल्या मुलांना घेऊन हा खेळ खेळतात, दोन प्रती नोंदवल्या होत्या. मेसेज असा: "आम्ही जूनपासून पंगतीत ताट मांडून बसलोय. मागून आलेले जेवून उठले, विडा खाऊन गेले. आम्हाला निदान आमटी तरी वाढा." पाठोपाठ आणखी मेसेज आले, ते इतके गोड नव्हते. सात प्रतींचे पैसे परत मागितले गेले. ज्यांनी सगळ्यात आधी भरवसा टाकला त्यांनाच आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, तेही ६,२३७ रुपयांसाठी.

बहिणीने त्याच रात्री, मला न विचारता, सगळ्या नोंदणीवाल्यांना पीडीएफ पाठवून दिली आणि चार ओळींची माफी लिहिली. सकाळी मला कळवलं. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुसरी तक्रार लातूरहून आली आणि ती जास्त खोलवर गेली. एका डीएमचं ऐन सेशन चालू होतं. खेळणारे तळघरात उतरले, त्याला तळघराचं पान सापडेना. त्याने पीडीएफमध्ये 'तळघर' शोधलं. एकही निकाल नाही. 'पेव' शोधलं, नाही. मग एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, तर रोमन अक्षरं आणि खुणांची खिचडी. कारण साधं होतं. प्रेसला चालावं म्हणून मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावला होता. कागदावर तो मराठी दिसतो, आत मात्र युनिकोड, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून कळणारी अक्षरं, नसतो. छापायला काही अडत नाही. शोधायला, उचलायला, ऑनलाइन टेबलावर टाकायला सगळंच अडतं. वर नकाशांवर डीएमच्या खुणा तशाच: सापळा इथे, गुप्त दार इथे. ऑनलाइन खेळणाऱ्याने तो नकाशा स्क्रीनवर दाखवायचा कसा?

आम्ही पीडीएफ विकत नव्हतो, कागदाचा फोटो विकत होतो. खरं सांगायचं तर त्या वस्तूची किंमत ९९ च होती.

फायदाही झाला, तो नाकारून चालणार नाही. तीन महिन्यांत खेळणाऱ्यांनी १४ चुका शोधून दिल्या. त्यातली सगळ्यात वाईट: नकाशावर १४ आकडा विहिरीवर होता, मजकुरात १४ म्हणजे धान्याचं पेव. एका गटाचं अख्खं मंडळ कोरडं पेव समजून पाण्यात पडलं. आणि एका अनोळखी वाचकाने विचारलं, "परवान्याची श्रेयओळ कुठाय?" शोधली. नव्हती. शेवटच्या पानाची मांडणी बदलताना ती गळून पडली होती. नियम फुकट वापरायची एकमेव अट, तीच आम्ही पाळली नव्हती. पीडीएफमध्ये ती दहा मिनिटांत बसवली. छापून झालं असतं तर एकेका प्रतीवर चिठ्ठ्या चिकटवत बसलो असतो.

चोरीचं म्हणाल तर, झाली. ऑक्टोबरात एका कॉलेजच्या गटात फाइल फिरताना मित्राला दिसली. लेखक तिथे जाऊन भांडणार होता. मित्राने त्याऐवजी प्रत्येक पीडीएफच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आपोआप छापलं जाईल अशी सोय केली आणि विषय तिथेच थांबला. पुढे कधी दिसली असेल तर आम्ही शोधायला गेलो नाही.

दुसरा निर्णय

ऑक्टोबर ते डिसेंबर पीडीएफ आणखी ६४ गेल्या. पुस्तकाच्या नव्या नोंदण्या मात्र फक्त २२. फोनवर एकच प्रश्न: "९९ ला पीडीएफ मिळते, मग ३५१ रुपये कागदाचे का?" टॉवेलच्या धंद्यात याला आम्ही स्वतःच्या मालाने स्वतःचा भाव पाडणं म्हणतो. दुकानदाराला एकदा स्वस्त दाखवलं की पुढचा माल त्याच भावात मागतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघे बसलो. या वेळी मी चल खर्चापासून सुरुवात केली नाही. एक प्रत विकली की हातात काय उरतं, ते मांडलं. प्रेसचा भाव ३०० प्रतींना ४६,५०० रुपये, म्हणजे प्रतीला १५५.

पुस्तक थेट विकलं तर ४५० मधून छपाई १५५, बुकपोस्ट आणि पुठ्ठ्याचं पाकीट ४५, पेमेंटचे ९. उरतात २४१. दुकानातून विकलं तर ४० टक्के दुकानाचे. छपाई आणि वाहतूक जाऊन उरतात ११०. पीडीएफ ९९ ला विकली तर ९७. आणि १,१०,००० भरून काढायला अशा ९७ रुपयांच्या १,१३५ पीडीएफ लागतात. मराठी वाचणारे, हा खेळ खेळणारे आणि त्यातले डीएम असलेले १,१३५ जण त्या वर्षी कुठून आणायचे होते? मी खप धरला होता वाचकांचा. खरा हिशेब टेबलांचा होता. पाच खेळाडूंच्या टेबलामागे एक गिऱ्हाईक, आणि ते गिऱ्हाईक किंमत निम्मी केली म्हणून दोन प्रती घेत नाही.

लेखकाने तेव्हा एक उदाहरण काढलं, ते आम्ही सप्टेंबरच्या आधी बघायला हवं होतं. पायझो नावाच्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाचं जाडजूड नियमपुस्तक ४९.९९ डॉलरला काढलं आणि त्याची पीडीएफ फक्त ९.९९ ला ठेवली. पण त्याच कंपनीच्या मासिक मॉड्यूलची पीडीएफ छापील १९.९९ ला १३.९९ होती. एक पाचवा हिस्सा, दुसरी सत्तर टक्के. वेडेपणा नव्हता तो. नियमपुस्तक टेबलावरच्या प्रत्येकाला लागतं. ते स्वस्त दिलं की खेळणारे वाढतात आणि पुढचा सगळा माल खपतो. मॉड्यूल एकालाच लागतं आणि एकदाच चालवलं जातं. ते स्वस्त देऊन पुढे काहीच खपत नाही. आम्ही मॉड्यूलला नियमपुस्तकाचं गणित लावलं होतं. आणि त्यांच्याकडे जो ग्राहक छापील अंकांची वर्गणी भरायचा, त्याला पीडीएफ वेगळी विकत घ्यावी लागायची नाही. बार्शीच्या गुरुजींनी सांगितलेलंच ते.

ठरलं ते असं. पीडीएफ नव्याने बांधायची: सगळा मजकूर युनिकोडमध्ये, बुकमार्क, डीएमच्या खुणा नसलेले वेगळे नकाशे, त्या नकाशांवर सरकवायची पात्रांची टोकन. किंमत २७९. पुस्तक ४५० च, सोबत पीडीएफ फुकट. ज्यांनी ९९ ला घेतली त्यांना नवी फाइल विनामूल्य, आणि पुस्तक घेतलं तर ९९ वजा. छपाई ५०० ऐवजी ३००.

२७९ वर वाद झाला. बहिणीला भीती वाटत होती की आता कोणी घेणारच नाही. २४९ तरी करा. मी २७९ वर अडून बसलो, कारण त्या भावाला पेमेंटचे पैसे जाऊन २७३ उरतात, म्हणजे थेट विकलेल्या पुस्तकापेक्षा जास्त. मग गिऱ्हाईकाने काय घ्यावं याची आपल्याला चिंता नको. त्याने पुस्तक घेतलं काय, पीडीएफ घेतली काय, आपलं पोट सारखंच भरतं. तोवर आम्ही मनातल्या मनात प्रत्येकाला पुस्तकाकडे ढकलत होतो आणि तो पीडीएफकडे गेला की खट्टू होत होतो.

मजकूर नव्याने युनिकोडमध्ये लावायला मित्राच्या अकरा रात्री गेल्या. आपोआप बदलणारी सोय आहे, पण जोडाक्षरं आणि रफार फसतात; 'पूर्वेच्या बुरुजावर' या शब्दांचं काय झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तक जानेवारीत आलं, नेमकं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात. बाइंडर गावठाणात, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद. गठ्ठे घ्यायला गेलेला लेखक स्कूटर लांब लावून दोन तास मिरवणूक बघत उभा राहिला, मग एकेक गठ्ठा खांद्यावर मारून आणला. पहिला गठ्ठा बहिणीने फोडला. तिने गोष्ट उघडलीच नाही, थेट १४ नंबरची खोली काढली. पेव. बरोबर होतं.

निकाल

जून २०२४ अखेरचा हिशेब असा. ९९ च्या भावात १८२ पीडीएफ गेल्या, त्यातून १७,६५४ रुपये. २७९ च्या भावात जानेवारी ते मार्च ५७, त्यातून १५,५६१. पुस्तकाच्या ३०० पैकी १८० थेट विकल्या, ३४ जणांनी ९९ वजा करून घेतल्या, ७० पुण्याच्या दुकानांत गेल्या, १६ भेट किंवा खराब. एप्रिलअखेर प्रत शिल्लक नव्हती. पुस्तकातून सगळं जाऊन ५३,४९६.

आणि मग उजनी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पातळीत खोल गेला, पाण्यातली जुनी देवळं उघडी पडली, फोटो सगळीकडे फिरले. आमची गोष्ट तीच. लोकांनी फोटोखाली आमच्या मॉड्यूलचं नाव टाकायला सुरुवात केली. काकांना फोन केला, दोनशे प्रती तरी काढून द्या. ते हसले. सोलापूरचं मतदान ७ मे ला होतं. "पत्रकांतून मान वर काढायला सवड नाही. मतदान होऊ द्या." मतदान झालं तोवर फोटोंची लाट ओसरत आली होती.

पीडीएफ मात्र जागेवर होती. एप्रिल ते जून ९६ गेल्या, २७९ नेच. २६,२०८ रुपये.

एकूण १,१२,९१९. घातलेले १,१०,००० वजा केले तर तिघांत वाटायला २,९१९ रुपये, माणशी हजारसुद्धा नाही. लेखकाने त्यातून शेंगाचटणीची पाकिटं घेऊन चुका शोधून देणाऱ्यांना पाठवली.

वेगळं काय करता आलं असतं

पीडीएफ आधी काढली हे बरोबरच होतं. लेखकाचा 'थांबा' ऐकला असता तर १४ चुका आणि गाळलेली श्रेयओळ छापून गेली असती. चुकला तो क्रम आणि भाव.

आगाऊ पैसे दिलेल्यांना ऑगस्टअखेरच फाइल द्यायला हवी होती, "तुम्ही आधी खेळा, चुका सांगा" म्हणून. त्यांना मान मिळाला असता, आम्हाला फुकटचे मुद्रितशोधक. बाकीच्यांना दोन-तीन आठवड्यांनी. हे काही आम्ही शोधलेलं नाही. २०२२ च्या अखेरीस मालक कंपनीने एका मॉड्यूलसाठी पुस्तक आणि डिजिटल असं एकत्र घेणाऱ्यांना डिजिटल दोन आठवडे आधी दिलं होतं. तेव्हा ते मला गिऱ्हाईक पकडायची युक्ती वाटली. आता वाटतं, पुस्तक पोस्टाने यायचं त्याला उशीर होणार, त्या उशिराचं ते भाडं होतं.

भावाचं मी रात्री एकदा मांडून पाहिलं. ९९ च्या १८२ पीडीएफमधून जे मिळालं ते २७९ च्या फक्त ६५ मधून मिळालं असतं. १८२ पैकी ६५ जण त्या भावाला थांबले असते का? खात्रीने सांगता येत नाही, कारण सप्टेंबरची फाइल त्या लायकीची नव्हती. म्हणजे भाव चढवण्याआधी अकरा रात्री ऑगस्टमध्येच घालायला हव्या होत्या. मित्राचं मत याच्या उलट आहे: ९९ होते म्हणूनच १८२ टेबलांवर मॉड्यूल पोचलं, आणि उजनीच्या वेळी नाव घेणारे तेच होते. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आकडा नाही.

दुकानांच्या ७० प्रतींबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. प्रतीला ११० साठी तो खटाटोप करायला नको होता. त्याच प्रती हातात असत्या तर मे महिन्यात थेट विकल्या गेल्या असत्या. लेखकाला दुकानाच्या काचेआड पुस्तक बघायचं होतं. ते त्याने बघितलं, फोटोही काढला. वहीत या खर्चाला रकाना नाही.

सध्या

दुसरं मॉड्यूल जवळजवळ लिहून झालं आहे. या वेळी गोष्ट एका बंद गिरणीत घडते. छपाई मार्चमध्ये, जेव्हा प्रेस मोकळी असते. नोंदणीच्या पानावर महिना लिहायचा का, यावर अजून वाद चालू आहे. बार्शीच्या गुरुजींनी या खेपेला पाच प्रती नोंदवल्या आणि खाली लिहिलं: "तारीख नको. प्लेट लागली की फोन करा."